एका दाराची खोली

जीपच्या तेलाचा डाग काही केल्या निघेना. दामिनीनं आधी धुण्याचा सोडा टाकून पाहिला, मग राख, मग डिझेलचा बोळा, आणि शेवटी पदर कमरेला खोचून नारळाच्या शेंडीनं ती त्या डागावर अशी तुटून पडली की दारात उभ्या असलेल्या गजेंद्रला हसू आवरेना.

"अवं, त्याच्यावर चटई टाकाची आहे आपल्याले. कायले घासून राहिली?"

"चटईखाली डाग राहिला तं मले झोप नाही येनार," ती म्हणाली. "तुमी नुसते नवऱ्यासारखे उभे नका राहू. ते टायर उचला पयले."

गजेंद्र तिचा नवराच होता, त्यामुळे त्याला दुसरं कसं उभं राहावं ते सुचेना. त्यानं टायर उचलले.

आमगावात त्यांचं घर स्टेशनच्या रस्त्याला लागून. पुढे बी-बियाण्यांचं दुकान, मागे राहायच्या खोल्या, आणि बाजूला जीपसाठी बांधलेलं टिनाच्या छताचं गॅरेज. जीप विकल्यापासून तिथं फाटके टायर, फवारणीचे पंप आणि शेजाऱ्यांची एक मांजर राहत होती. मोठ्या जावेचा, म्हणजे नंदाबाईचा, त्या जागेवर डोळा होता. उन्हाळी धान निघाल्यावर तिथं पोती लावता येतील असा तिचा हिशेब. पण बारावीचा शेवटचा पेपर देऊन आलेली गुंजन बॅग फेकता फेकता म्हणाली, "पप्पा, या गॅरेजची गेमिंग रूम बनवू न, एकदम मस्त होईल," आणि झालं. पोरीपेक्षा बापच जास्त उसळला. मोठा टीव्ही, भिंतीवर रंगीत दिव्यांची पट्टी, खाली बसायला गाद्या, वर एसी. त्या दिवशी जेवताना गजेंद्रनं ताटातल्या भाताचा नकाशा करून टीव्ही कुठे आणि गाद्या कुठे ते समजावून सांगितलं, आणि वरणाचा ओघळ आला तिथं दार.

दामिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "कॅरम बोर्ड मावन का तिथं?"

"मावन ना. कायले नाही मावन?"

तेव्हापासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती.

आता इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर दामिनीला एवढा आनंद का झाला ते कळायचं नाही. ती लग्न होऊन या घरात आली त्याला गुंजनच्या वयाहून जास्त वर्षं झाली, पण तेवढ्या वर्षांत ती आणि गोवर्धन एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते. भांडण नाही हो, मान. गोवर्धन म्हणजे गजेंद्रचा थोरला भाऊ, दामिनीचा भासरा. आणि त्यांच्या घराची रीत अशी की धाकट्याच्या बायकोनं भासऱ्यापुढे यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या हातात वस्तू द्यायची नाही. गोवर्धनला चहात साखर कमी वाटली तर तो ते भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगायचा आणि दामिनी आतून ऐकायची. तिला काही विचारायचं असलं तर निरोप नंदाबाईकडून जायचा, मग तो समोरच्या खोलीत का बसलेला असेना. घरात येताना गोवर्धन अंगणातूनच खाकरायचा. ते ऐकलं की दामिनी डोक्यावर पदर ओढून मागच्या दारानं पलीकडच्या खोलीत. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा प्रत्येक खोलीला दोन दारं ठेवली होती ती याचसाठी.

दामिनीला याचा कधी जाच वाटला नाही. गोवर्धन भला माणूस होता. तिच्या बाळंतपणात पावसात भिजत डॉक्टरला घेऊन आला होता तो, आणि आल्यावर अंगणातच उभा राहिला होता, मुलगी झाल्याचं कळेपर्यंत. रीत ती रीत. पण एका गोष्टीत मात्र ती रीत तिला रोज टोचायची, आणि ती गोष्ट म्हणजे कॅरम.

ती अर्जुनी मोरगावची. गोंदियाला कॉलेजात होती तेव्हा विद्यापीठाच्या संघातून खेळून आलेली. लग्नात बाबांनी भांड्याकुंड्यांसोबत तिचा बोर्डही पाठवला होता. तो बोर्ड पहिल्याच वर्षी पुढच्या सपरीत, म्हणजे रस्त्याकडच्या पडवीत, गेला आणि तिथलाच झाला. कारण गोवर्धनलाही कॅरमचं वेड. आमगावात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता असं म्हणत. संध्याकाळी दुकान बंद झालं की सपरीत मंडळी जमायची, आणि दामिनी आत भाकरी थापता थापता नुसत्या आवाजावरून सांगायची, "ही गेली. ही काठावर अडकली." बोर्ड तिचा, पावडर तिनं आणलेली, आणि खेळायचे दुसरेच. कधी कधी तिची बोटं तव्याच्या कडेवर आपोआप टिचकी मारायची.

आता बोर्ड आत येणार होता, दाराआड. आता ती खेळणार होती. गुंजनशी, गजेंद्रशी, कोणी नसलं तर एकटीनं, पण खेळणार होती. एवढंच तिला हवं होतं.

मग काय, घरात नुसती लगीनघाई. केशोराव मिस्त्रीनं शटर काढून तिथं भिंत घातली आणि भिंतीत एक दार बसवलं. टिनाखाली प्लायचं छत घातलं. गुंजन मोबाईलवर रोज नव्या खोल्या दाखवायची आणि दामिनी त्यातून आपल्याला जमेल ते उचलायची. भिंतींना रंग कोणता द्यायचा यावर मायलेकी आठवडाभर भांडल्या. गुंजनला काळा हवा होता.

"काळ्या खोलीत काळी सोंगटी कशी दिसन व?"

"मम्मी, ये गेमिंग रूम है, कॅरम रूम नाही."

"कॅरम गेम नाही तं काय भजन आहे?"

शेवटी टीव्हीच्या मागची भिंत काळपट निळी आणि बाकीच्या पिवळसर ठरल्या. ब्रश दामिनीच्याच हाती. तिच्या कानाच्या पाळीपर्यंत निळा रंग गेला आणि बाजारात लोकांनी विचारलं तेव्हा तिनं ऐटीत सांगितलं, "खोली करून राहिलो आमी, खेळाची."

गोवर्धनचं म्हणणं एकच होतं. ते त्यानं दुपारी वामकुक्षीला आडवं होताना छताला उद्देशून सांगितलं, "ते ढिशुम ढिशुम बाहेर नाही आलं पायजे बाप्पा." दुपारची झोप त्याला जीव की प्राण. तेव्हा आवाज अडवायचं ठरलं. गुंजननं त्यासाठी शहरातून मागवायचे फोमचे चौकोन दाखवले, ते पाहून नंदाबाई म्हणाली, "अंड्याचे ट्रे लावता का भिताडाले?" मग दामिनीनंच तोड काढली. दुकानात नवाकोरा बारदाना पडलेला होता, धान भरायची तागाची पोती. ती उसवून, आत जुन्या गाद्यांचा कापूस भरून, टाके घालून तिनं भिंतभर गाद्याच शिवल्या. दारालाही आतून तसलीच गादी, आणि चौकटीला रबराची पट्टी. दार लावलं की कानात बोटं घातल्यासारखं व्हायचं. गजेंद्र आत उभा राहून ओरडला, गुंजन बाहेरून म्हणाली, "पप्पा, बोला ना," आणि आपण केलं काय हे लक्षात येऊन सगळी हसत सुटली.

केशोराव मिस्त्रीनं मध्येच एकदा विचारलं होतं, "भाऊ, मागून दरवाजा ठेवू का एक?"

"कायले? एसीची हवा जाईल सारी," गजेंद्र म्हणाला.

आणि घरातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दामिनीच्याही नाही. ती तेव्हा निळ्यात पांढरा किती मिसळायचा त्या विचारात होती.

काम संपत आलं तशी एका सकाळी नंदाबाई निरोप घेऊन आली. "अवं दामिनी, हे म्हनून राहिले, बोर्ड आत नेत असान तं दिवा बरोबर मधात टांगा. सावली नाही पडली पायजे सोंगट्यांवर. सपरीत लय गर्मी होते ना, तं आतच बसतीन म्हनते आता."

दामिनीचा ब्रश भिंतीवरच थांबला. रंगाचा ओघळ खाली चटईपर्यंत गेला तरी तिला कळलं नाही.

संध्याकाळी तिनं गजेंद्रला गाठलं. गोवर्धनचा विषय निघाला की गुंजनसारखं तीही त्याला मोठे बाबाच म्हणायची. "मोठे बाबा आत बसतीन तं मी कशी बसू? एकच दार आहे त्या खोलीले."

गजेंद्रनं दाराकडे पाहिलं, मागच्या भिंतीकडे पाहिलं, डोकं खाजवलं. "हे तं ध्यानातच नाही आलं यार."

"तुमच्या ध्यानात येते काय?"

"हे पाय, दादा संध्याकाळी बसन. तू दुपारी खेळ. दुपारी तो झोपते, मंग दुकानात. कोण येते तिकडे?" असं म्हणून त्यानं तिच्या पाठीवर थोपटलं, जणू प्रश्न सुटला. सुटलाही होता म्हणा, अर्धा.

अक्षय्य तृतीयेला नारळ फोडला. शेजारपाजार आला, गोवर्धनचे कॅरमवाले आले. दामिनीनं आरतीचं ताट तयार केलं आणि गुंजनच्या हाती आत पाठवलं, कारण आत गोवर्धन होता. दार लागलं. दामिनी अंगणात उभी. तिनं स्वतःच्या हातानं टाके घातलेल्या त्या दारातून आतला एक चकार शब्द बाहेर येत नव्हता. टाळ्या नाहीत, हसणं नाही, स्ट्रायकरचा टक्कन आवाज नाही. सपरीत होतं तेव्हा निदान ऐकू तरी यायचं. तिला रडूच फुटलं. कोणी पाहायच्या आत तिनं पदरानं डोळे पुसले आणि भजी तळायला गेली.

पण दुसऱ्या दिवशीची दुपार तिची होती, आणि काय सांगावी त्या दुपारची मजा. गुंजन मैत्रिणीकडे, नंदाबाई घोरत, गोवर्धन घोरत, बाहेर ऊन नुसतं रणरणत. दामिनीनं दार ओढून घेतलं, एसी लावला, बोर्डावर पावडर शिंपडली आणि तळहातानं गोल गोल फिरवली. पहिला ब्रेक साफ फसला. दुसराही. बोटं गंजली होती. पण तिसऱ्या दिवशी एक पांढरी सरळ खिशात गेली तेव्हा ती एकटीच मोठ्यानं म्हणाली, "गेली ना रांडेची," आणि स्वतःच दचकून तोंडावर हात ठेवला. मग आठवलं, बाहेर काही ऐकू जात नाही. तेव्हा तिनं तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा सावकाशीनं, म्हणून घेतलं.

मे उजाडेस्तोवर तिचा हात बसला. ती दोन्ही बाजूंनी खेळायची, जागा बदलून, आणि दोन्हीकडून इमानदारीनं. संध्याकाळी गोवर्धनची बैठक बसायची. सकाळी झाडायला गेली की पावडर कुठे सांडली आहे त्यावरून तिला कळायचं, आदल्या दिवशी कोण कुठून खेळलं. एकदा मात्र तिची चूक झाली. दुपारचा डाव अर्धा टाकून ती दूधवाल्याला दार उघडायला गेली आणि विसरली. दुसऱ्या दिवशी आत गेली तर डाव तसाच होता. संध्याकाळच्या मंडळींनी पत्ते खेळले होते. पत्ते गादीवर तसेच पडलेले. बोर्डाला कोणी हात लावला नव्हता. तिला नवल वाटलं, पण विचारणार कुणाला?

मग तो सोमवार आला. दुपारची वेळ, लाईट होती, एसी घुरघुरत होता. दामिनीचा पदर खांद्यावरून घसरून मांडीवर पडलेला, डोक्यावर तर नाहीच नाही. तिनं श्वास रोखून राणीला कट मारला. राणी कोपऱ्यावर एकदा अडखळली आणि आत पडली. दामिनीनं आनंदानं मान वर केली.

दारात गोवर्धन उभा होता.

ती ताडकन उठली. स्टूल मागे पडलं. डोक्यावर पदर घेऊन ती मागच्या भिंतीला जाऊन चिकटली, सवयीनं हातानं मागचं दार चाचपडत, आणि हाताला लागला नुसता बारदाना. छाती इतकी धडधडत होती की तिला वाटलं, ते तरी बाहेर ऐकू जात असेल.

गोवर्धन तिच्याकडे पाहत नव्हता. तो टीव्हीकडे पाहत होता, आणि टीव्ही बंद होता. "मी खाकरलो बाहेरून," तो टीव्हीला म्हणाला. "लय येळ खाकरलो. आवाजच नाही जात ना आत. कोनी निघालं नाही, मंग दार लोटलं."

त्याचा चेहरा दामिनीइतकाच कावराबावरा झाला होता. तो एका बाजूला सरकून भिंतीशी अंग चोरून उभा राहिला. दार मोकळं झालं. रीतीप्रमाणे आता दामिनीनं खाली मान घालून निघून जायचं होतं, आणि ती निघालीही. ती बोर्डाच्या बाजूनं दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"कव्हर बाकी हाये."

हे मात्र तो टीव्हीला म्हणाला नव्हता. तो बोर्डाकडे पाहत होता. आणि खरंच होतं ते. राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घ्यावी लागते, नाहीतर राणी परत बोर्डावर. उरलेली एकुलती एक पांढरी अशी बसली होती की समोरून मारताच येत नव्हती.

दामिनी दारात थांबली. बाहेरचं ऊन तिच्या पायावर आलं होतं. निघून गेली असती तर उद्यापासून दुपारीही या खोलीत यायचं तिला जमलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आजवर फक्त संध्याकाळ गेली होती; मग दुपारही गेली असती. बोर्ड पुन्हा आवाजापुरता उरला असता, आणि या खोलीतून तर आवाजही येत नव्हता.

ती परत फिरली. पदर दातात धरला, उभ्यानंच वाकली, स्ट्रायकर लावला, आणि पलीकडच्या काठावर आपटून परत येईल असा मारला. पांढरी हलली, रेंगाळली आणि खिशात गेली.

गोवर्धन भिंतीपासून हलला. तो आला, पडलेलं स्टूल उचलून तिच्या बाजूला सरळ ठेवलं, आणि स्वतः समोरच्या स्टुलावर बसला. खिशातल्या सगळ्या सोंगट्या बाहेर काढून त्यानं नवा डाव मांडला, एक पांढरी, एक काळी, मध्ये राणी. दिव्याची सावली कुठंच पडत नव्हती. मग त्यानं स्ट्रायकर बोर्डावरून सरकवला. तो दामिनीच्या रेषेपाशी येऊन थांबला.

ती बसली. आणि मग तिचा ब्रेक असा फुटला की दोन पांढऱ्या एकदम गेल्या.

पुढे डाव चांगलाच रंगला. गोवर्धनचा कट लोक सांगत तसाच होता, सुरीनं कापल्यासारखा. पण काठावरच्या सोंगट्या तो टाळायचा, आणि दामिनीला काठावरचंच वेड. दोघांनी एकमेकांच्या वाटा अडवल्या. कोणी मान वर केली नाही. बोर्डाकडे पाहायचं असलं की कोणाच्या तोंडाकडे पाहायची गरजच पडत नाही. दामिनीला आत इतकं भरून येत होतं, की जिंकायची घाई करू नये, हे संपूच नये, असं वाटत होतं. आणि जिंकायचंही होतंच.

शेवटी त्याच्या दोन काळ्या उरल्या, तिच्या तीन पांढऱ्या, आणि राणी जागेवर. एवढ्यात नंदाबाई दारात आली. "अवो, दुकानावर कोनी नाही, आनं तुमी—" एवढं म्हणून ती जी थांबली ती थांबलीच. हातातला चहाचा कप कलंडायला आला.

गोवर्धन तेव्हा कोपऱ्यातल्या काळीवर वाकला होता. अवघड जागा होती. त्यानं मनगट टेकवलं, नेम धरला आणि मारलं. सोंगटी सफाईदार आत गेली. त्याचं मनगट तिरप्या बाणाच्या रेषेवर टेकलेलं होतं. सपरीतली मंडळी हे रोज पाहत असणार, आणि आमगावात गोवर्धनभाऊला ते सांगायची कोणाची टाप नव्हती.

दामिनीच्या तोंडून निघून गेलं.

"फाऊल आहे, मोठे बाबा. हात बाणावर आला तुमचा."

नंदाबाईनं दामिनीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि दुसरं काही सुचेना म्हणून इतक्या वर्षांचं आपलं काम केलं. ती वळून म्हणाली, "फाऊल हाये म्हनते."

"ऐकलं मी," गोवर्धन म्हणाला.

त्यानं मनगट उचललं आणि बाणावरच्या पावडरीत उमटलेला पुसट डाग थोडा वेळ पाहिला. मग बोर्डाच्या खिशात हात घातला. आता गेलेली काळी काढली, वर दंडाची आणखी एक काढली, आणि दोन्ही दामिनीपुढे ठेवल्या.

"तूच ठेव मधात," तो तिला म्हणाला.

दामिनीनं सोंगट्या उचलल्या. बोर्डाकडे नीट पाहिलं, एका बाजूनं, मग मान तिरपी करून दुसऱ्या बाजूनं. आणि मधल्या गोलात, राणीच्या आडोशाला, जिथून काढणं त्याला सगळ्यात जड जाईल, अशा जागी तिनं त्या ठेवून दिल्या.